मसुराला पाणी कुणी घातलं? वडगाव शिवारातल्या एका शिकण्याच्या शेताचं प्रकरण

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, एका सोमवारी सकाळी, मसुराच्या पट्ट्यात रोपं पिवळी पडून आडवी झालेली दिसली. सगळी नाही. ठिकठिकाणी परातीएवढी, सुपाएवढी गोल वर्तुळं पडली होती, मधलं पीक अजून हिरवं होतं. दहा दिवसांत ती वर्तुळं एकमेकांना भिडली. बांधापलीकडे, त्याच काळ्या मातीत, त्याच आठवड्यात पेरलेला शेजारचे शेतकरी तात्या यांचा मसूर मात्र वितभर बुटका, करडा-हिरवा आणि धडधाकट उभा होता.

आमचा पट्टा होता फक्त एक गुंठ्याचा. शेतकऱ्याच्या हिशेबात हे नुकसान काहीच नाही. पण हे शेत लोकांना शेती शिकवण्यासाठी सुरू केलेलं होतं, आणि त्या महिन्यात तिथे आलेली शेकडो मुलं आमच्याकडून नेमकं काय शिकून घरी गेली, हा प्रश्न त्या पिवळ्या वर्तुळांनी आमच्यापुढे ठेवला. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी भागात कुणी असं शेत सुरू करणार असेल तर त्याला उपयोग होईल.

जागा आणि माणसं

बेळगावातल्या वडगावाहून येळ्ळूरकडे जाताना रस्त्याच्या कडेला एक एकर रान आहे. मालकाची मुलं पुण्या-बेंगळुरूला नोकरीला. प्लॉट पाडून विकण्याऐवजी त्यांनी ते काही वर्षांसाठी आम्हाला वापरायला दिलं. आम्ही म्हणजे दोन निवृत्त शिक्षक, एक निवृत्त कृषी अधिकारी, वडगावातल्या विणकर घरातल्या एक काकू आणि चार-पाच तरुण पोरं. या शिवाराची किंमत इथल्या माणसाला सांगायला नको. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर हा बेळगावच्या बासमतीचा पट्टा. पावसाळ्यात भात, आणि भात कापलं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. बळ्ळारी नाल्याचं पाणी वरचेवर कुठल्या ना कुठल्या शेतात घुसतं, आणि हलगा-मच्छे बायपासच्या वादात याच सुपीक जमिनीचं नाव वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात येत राहिलं आहे.

शहरात असं शिकण्याचं शेत असावं ही कल्पना बाहेरून आली, हे खरं. लंडनमध्ये 1972 साली केंटिश टाउन भागात पहिलं ‘सिटी फार्म’ सुरू झालं. क्युबातल्या हवानामध्ये 1991 नंतर सोव्हिएत मदत आटल्यावर लोकांनी शहरातल्या मोकळ्या जागांवर भाजीपाला पिकवला, ती उदाहरणं आम्ही वाचली होती. पण लंडनच्या मुलाला गाय बघायला दुसरीकडे सोय नव्हती. वडगावात शेतकरी शहरातच राहतो, सकाळी महापालिकेच्या नळाचं पाणी भरून बैलगाडी किंवा टेम्पो घेऊन शिवारात जातो. आमच्या शेताच्या चारही बाजूंना जाणती माणसं राबत होती. पहिल्या वर्षी आम्ही त्यांच्याकडे शेजारी म्हणून पाहिलं, त्यांना शिक्षक म्हणून बोलावलं नाही. पुढच्या चुकीची मुळी इथेच होती, असं मला आज वाटतं.

शेताची मांडणी अशी. रस्त्याकडेला दहा गुंठे परसबागेचे गादीवाफे, त्यात मेथी, लाल माठ, टोमॅटो, वांगी. मागे कंपोस्टचे हौद आणि गांडूळखताची शेड. एका कोपऱ्यात जीवामृताचं, म्हणजे आंबवलेल्या पातळ खताचं पिंप, 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. मधल्या मोठ्या भागात खरिपाला भात. भात निघाल्यावर त्यातल्या एका गुंठ्यात, पायवाटेला लागून, मसूर. पाट्या मराठीत आणि कन्नडमध्ये. नाचणीच्या पाटीवर रागी, हरभऱ्याच्या पाटीवर कडले. मुलं या पाट्या मोठ्याने वाचत आणि एकमेकांच्या भाषेतलं नाव पाठ करत. ते बघून फार बरं वाटायचं.

काय घडलं

नोव्हेंबरच्या मध्याला मसूर पेरला. पहिल्या आठवड्यापासून शाळा येऊ लागल्या. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही माध्यमांच्या. आठवड्याला साधारण चार शाळा, प्रत्येकीची चाळीसेक मुलं. मुलांना काहीतरी हाताने करायला हवं म्हणून आम्ही पाच लिटरच्या झाऱ्या आणल्या होत्या. परसबागेशी पाटी होती, ‘रोपांना पाणी द्या’. पाटी गादीवाफ्यांसाठी होती. पण मुलाला गादीवाफा आणि मसुराचा पट्टा यात फरक काय दिसणार? रोप म्हणजे रोप. पायवाटेवरून जाताना कोवळा मसूर दिसला की झारी तिकडे वळायची. आम्ही ते पाहिलं आणि अडवलं नाही. आमच्यातल्या एकानेही अडवलं नाही. तहानलेल्याला पाणी पाजणाऱ्या मुलाचा हात धरायचा कसा, असं मनात असावं.

भर म्हणून, पेरणीआधी आम्ही त्या गुंठ्यात आमचं स्वतःचं कंपोस्ट पसरलं होतं. टिळकवाडी-हिंदवाडीतल्या घरांतून ओला कचरा यायचा, लोक उत्साहाने डबे भरून आणून द्यायचे. 2016 च्या घनकचरा नियमांनंतर ओला-सुका वेगळा करायची सवय बऱ्याच घरांना लागली आहे, त्यामुळे माल चांगला मिळायचा. पण हौदात ओलंच ओलं. कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचं प्रमाण पंचवीस-तीसास एक असं हवं, तर ओल्या कचऱ्याच्या जोडीला पालापाचोळा, पिंजार, लाकडाचा भुसा भरपूर लागतो. आमच्याकडे तो कमी पडला. ढीग आत तापायचा तसा तापला नाही. हात घातला तर कोमट लागायचा आणि आंबूस वास यायचा. खत काळं दिसतंय म्हणून आम्ही ते तयार मानलं. ते अर्धकच्चं होतं.

एके दिवशी तात्या बांधावर येऊन उभे राहिले. सत्तरी ओलांडलेले, डोक्याला टॉवेल, हातात खुरपं. मुलांच्या झाऱ्यांकडे बघत म्हणाले, “पाणी का घालालासा रे? हे पीक पाण्यावर येत न्हाई. दवावर येतंय.” आम्ही हसून मान हलवली आणि विषय तिथेच राहिला. पुढच्या पंधरवड्यात रोपं पडली.

कारण शोधताना

आमच्यात मतभेद झाले. एक म्हणे बियाणं खराब, एक म्हणे यंदा थंडी कमी. कृषी अधिकाऱ्यांनी मात्र पडलेलं एक रोप मातीसकट उपटलं आणि जमिनीलगतच्या देठावर बोट ठेवलं. तिथे पांढऱ्या बुरशीची जाळी होती आणि तिला चिकटून मोहरीएवढे तपकिरी दाणे. ही मानकूज, स्क्लेरोशियम रॉल्फसाय या बुरशीची. ती सतत ओलसर राहणाऱ्या वरच्या थरात फोफावते, आणि अर्धवट कुजलेलं सेंद्रिय द्रव्य तिचं आवडतं खाद्य. आमच्या एका गुंठ्यात दोन्हींची मेजवानी होती. ओल मुलांनी दिली, खाद्य आम्ही.

मग मी कागदावर हिशेब मांडला. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, सुमारे 101 चौरस मीटर. चाळीस मुलं, प्रत्येकाने पाच लिटरच्या दोन झाऱ्या, म्हणजे 400 लिटर. शंभर चौरस मीटरवर 400 लिटर म्हणजे 4 मिलिमीटर पाऊस. आकडा लहान वाटतो. पण आठवड्याला चार शाळा म्हणजे 16 मिलिमीटर, आणि चार आठवड्यांत साठाच्या पुढे, तेही डिसेंबरात, जेव्हा या शिवारात आभाळातून थेंब पडायची अपेक्षा नसते. पाणी खोल मुरत नव्हतं. वरची दोन बोटं माती कायम गिच्च राहत होती.

सर्वांत बोलका पुरावा त्या वर्तुळांच्या जागेत होता. मी दोरी लावून मोजलं. पहिली सगळी वर्तुळं पायवाटेपासून हातभर-दीड हातावर होती. लहान मुलाचा हात झारीसकट जितका पुढे पोचतो तितक्यावर. मधला भाग, जिथे कुणाचा हात पोचत नव्हता, सर्वांत शेवटी गेला. त्या दुपारी मी तिथे बराच वेळ बसून राहिलो. मुलांनी जे केलं ते प्रेमाने केलं होतं, आणि तसं करायला त्यांना आम्हीच शिकवलं होतं.

तात्यांचं ‘दवावर’ हे बोलणंही आता नीट ऐकायला हवं होतं. दवाचं पाणी तसं थोडं. खरा साठा खाली असतो. मीटरभर खोल चांगली काळी जमीन दीडशे ते अडीचशे मिलिमीटर पाणी धरून ठेवू शकते. जून ते सप्टेंबर इथे जो धो धो पाऊस पडतो त्यातला वाटा ही माती भात निघाल्यावरही पोटात राखून असते. वरून ती वाळते, तडकते, राखेसारखी भुरभुरते. मसुराचं मूळ त्या वाळलेल्या थरातून वाट काढत ओलीच्या मागे खाली जातं. वरून पाणी मिळालं की त्याला खाली जायचं कारणच उरत नाही. शिवाय मुळांवरच्या गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात, पण त्यांनाही श्वास घ्यायला हवा लागते. गिच्च मातीत ती मिळत नाही. निरोगी गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी दिसते. आमच्या पडलेल्या रोपांच्या गाठी आत तपकिरी होत्या.

टिकाऊ शेतीचे आमचे सगळे धडे काहीतरी देण्याचे होते. पाणी द्या, कंपोस्ट द्या, जीवामृत द्या. शहरातून आलेल्या माणसालाही देऊन बरं वाटतं. पण या मातीतलं निम्मं शहाणपण काय द्यायचं नाही यात आहे, आणि ते आमच्या एकाही पाटीवर नव्हतं. आषाढात आपल्याकडे वार पाळतात, त्या दिवशी कुणी शेतात काम करत नाही. लहानपणापासून आम्ही ते बघत आलो, पण जमिनीला हात न लावणं हाही शेतीचा भाग असतो, हे त्यातून उचललं नाही.

पुढच्या रब्बीत केलेले बदल

सगळ्यात आधी तात्यांच्या घरी गेलो. चहा झाला, आम्ही चूक सांगितली. ते रागावले नाहीत. “पोरास्नी काय कळतंय. तुमाला कळाय पायजे हुतं,” एवढंच म्हणाले. पुढच्या हंगामात ते शेतावर येऊ लागले. गर्दीपुढे उभं राहून ते बोलत नाहीत, माइक दिला तर परत करतात. पण खुरप्याने भांगलताना शेजारी बसलेल्या दोन-तीन मुलांशी बोलतात. म्हणून आम्ही वर्गाचे लहान गट केले आणि एक गट आळीपाळीने तात्यांजवळ बसवायचं ठरवलं.

मसुराचा गुंठा मधोमध दोन पट्ट्यांत विभागला. बियाणं तात्यांच्या घरचं, दोन्ही पट्ट्यांना सारखं, पेरण्याआधी किलोला चार-पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, चोळून. कंपोस्ट कुठेच घातलं नाही. एका पट्ट्यावर मुलं आठवड्यातून एकदा झारीने पाणी घालणार, दुसरा पूर्ण कोरडा. कोरड्या पट्ट्याशी पाटी लावली, ‘इथे पाणी घालू नका. का, ते खणून बघा.’ त्याखाली कन्नडमध्ये, ‘इल्लि नीरु हाकबेडि’.

आणि शेजारी खरोखरच खणलं. कमरेएवढा खोल खड्डा, एक बाजू विळ्याने सरळ तासलेली, उतरायला तीन पायऱ्या. या खड्ड्याने जे शिकवलं ते आमच्या कुठल्याही पाटीने शिकवलं नव्हतं. मूल पहिल्या पायरीवर मातीला हात लावतं, ती वाळलेली आणि उबदार. दुसऱ्या पायरीवर भेगांत बोट घालतं. तिसऱ्या पायरीवर तळहात मातीवर टेकवतं आणि दचकून मागे बघतं. सहावीतली एक मुलगी वर ओरडली, “बाई, आत गार हाय! पाणी हाय आत!” तात्यांनी त्या थरातली मूठभर माती घेतली, दाबली, तिचा लाडू झाला. वरच्या थरातली दाबली, ती बोटांतून निसटली. एवढाच धडा. आईवडीलही रांगेत उभे राहून खड्ड्यात उतरले. जन्म बेळगावात गेलेल्या एका गृहस्थांनी मला सांगितलं की पायाखालची ही माती त्यांनी पहिल्यांदाच हाताने बघितली.

कंपोस्टचं गणितही सुधारलं. भाताचं पिंजार आता आम्ही सुगीतच साठवतो, आणि ओल्या कचऱ्याचा डबा आणणाऱ्या घरांना सोबत एक पिशवी वाळला पाला आणायला सांगतो. ढिगात लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी बाहेर काढायची. हात भाजेल इतकी तापली तर ढीग चालू आहे. हे काम मुलांना फार आवडतं.

जे सरळ झालं नाही

डिसेंबरात ओला पट्टा जिंकत होता. हे लिहिलंच पाहिजे. या वेळी मानकूज फारशी आली नाही. चार-सहा रोपं गेली असतील. पाणी मिळालेला मसूर हिरवागार, उंच, घनदाट दिसत होता, आणि कोरडा पट्टा त्याच्यापुढे कुपोषित. मुलं टाळ्या वाजवून म्हणायची, बघा, पाणी घातलेला चांगला आलाय. तात्या गप्प. आम्हीही मनातून हललो होतो.

जानेवारीत चित्र फिरलं. ओल्या पट्ट्याची वाढ पानांत गेली, तो मधोमध लोळला, फुलं उशिरा आणि विरळ. कोरड्या पट्ट्यात बुटक्या रोपांवर शेंगा गच्च. फेब्रुवारीअखेर मळून मोजलं तेव्हा कोरड्या पट्ट्याचे तीन शेर भरले, ओल्याचे दोनही भरले नाहीत. एका गुंठ्याच्या एका हंगामावरून मोठा दावा करायचा नाही, पण पहिल्या वर्षीच्या कोड्याची उकल झाली. नुसत्या पाण्याने पीक मारलं नसावं. पाणी आणि कच्चं खत मिळून मारलं असावं. नुसतं पाणी दाणा कमी करतं.

पण खरी अडचण वेगळीच होती. बहुतेक शाळा वर्षातून एकदाच येतात. डिसेंबरात आलेली मुलं ओला पट्टा बघून, पाणी घातल्याने पीक चांगलं येतं असं शिकून घरी गेली. शेत आपला धडा चार महिन्यांत सांगतं, आणि पाहुणा दोन तास थांबतो. एका शाळेच्या शिक्षकांनी तर नाराजी बोलून दाखवली, की मुलांनी झाडांना पाणी घालतानाचे फोटो हवे होते आणि आम्ही त्यांना खड्ड्यात उतरवलं. ती शाळा पुन्हा आली नाही. मला त्याचं वाईट वाटतं. मुलांच्या हाताला काम हवं, हे त्या शिक्षकांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि काही न करण्याचं काम मुलांना कसं द्यायचं हे आम्हाला आजही पूर्ण जमलेलं नाही.

यावर काकूंनी तोडगा काढला. विणकराच्या घरातली नजर. त्यांनी शेडमध्ये एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सुताची दोरी ताणली आणि सांगितलं, दर सोमवारी दोन्ही पट्ट्यांतलं एकेक रोप मुळासकट काढायचं, मुळं हलक्या हाताने धुवायची, वाळवायची आणि जोडीने इथे टांगायची, तारखेच्या चिठ्ठीसकट. वर ओल्याचं, खाली कोरड्याचं. आता कुठल्याही आठवड्यात कुणीही आलं तरी दोरीवर सगळा हंगाम डावीकडून उजवीकडे वाचता येतो. पहिल्या जोड्यांत वरचं रोप मोठं. सातव्या-आठव्या जोडीपाशी दोन्ही सारखी. पुढे खालच्या रोपाचं मूळ लांबत जातं आणि शेंगा भरत जातात, वरचं नुसतं पानांचं. रोप काढण्याचं, धुण्याचं, गाठ नखाने फोडून आत गुलाबी आहे का बघण्याचं काम त्या आठवड्याच्या शाळेचं. झाऱ्या परसबागेतच राहतात, तिथे मेथीला खरोखर पाणी लागतं.

मार्चमध्ये शेवटच्या गटाने दोरीवरचा हंगाम पूर्ण केला. त्या दिवशी शेतावर बासमतीचा भात आणि मसुराची आमटी शिजली. जेवणं चालू असताना तात्या आपल्या रानातून आले, हातात त्यांच्या शेतातलं एक वाळलेलं रोप होतं. न बोलता त्यांनी ते दोरीच्या उजव्या टोकाला, आमच्या शेवटच्या जोडीच्या पलीकडे अडकवलं. शेंगा आमच्या कोरड्या रोपाएवढ्याच होत्या. मूळ मात्र त्याहून वितभर लांब. आमच्या गुंठ्यात भातासाठी केलेल्या चिखलणीने बसलेला घट्ट थर आणि शेकडो पाहुण्यांच्या पायांनी दबलेली माती आहे, त्यांच्या रानात दर वर्षी वेळेवर, वाफसा म्हणजे कामाजोगी ओल बघून केलेली मशागत आहे. सहावीतल्या त्या मुलीने चिठ्ठी मागून घेतली आणि मराठीत वर, कन्नडमध्ये खाली लिहिलं, ‘तात्यांचं शेत’. येत्या नोव्हेंबरात पेरणीआधी तो घट्ट थर कसा फोडायचा, यावर सध्या तात्या आणि कृषी अधिकारी यांचं रोज संध्याकाळी बांधावर बसून बोलणं चालू आहे.